निळं कार्ड

नळ स्टॉपपाशी, सायकलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
विज्ञानकथेची प्रश्नमंजुषा भरते, दर तिसऱ्या रविवारी, साडेचारला.
साडेचार म्हणजे साडेचार. चार बत्तीसला दार लागतं.
मी फळ्यावर गुण लिहितो. उत्तरं मला येत नाहीत,
अक्षर बरं आहे म्हणून घेतलंय.

त्या दिवशी ‘कृष्णविवर’ संघाचे पंचेचाळीस झाले होते.
त्यांचा तो कैवल्य खळदकर
प्रश्न संपायच्या आत घंटी मारतो.
कोणत्या कादंबरीत कालयंत्र रॉकेलवर चालतं?
टिंग.
कोणत्या चित्रपटात मंगळावरचे लोक येतात
आणि आधी पाण्याची वेळ विचारतात?
टिंग.
पान क्रमांकही सांगतो, कुणी विचारलेला नसताना.

मग ओजस टिळेकरांनी निळं कार्ड उचललं.
निळं म्हणजे दूरदर्शन. दहा गुण.
“‘तिसऱ्या चंद्राचे पाहुणे’, सन एकोणऐंशी, तेरा भाग.
यंत्रमानवाच्या छातीतला दिवा कोणत्या रंगाचा?”
टिंग.
“लाल. सातव्या भागात नायिका म्हणते,
तुझ्या छातीत निखारा आहे, विझू देऊ नकोस.”
बरोबर. मी खडू उचलला.

“हिरवा होता.”

मागून, पंख्याखालून, जिथे प्रेक्षक बसतात
आणि चहा येईपर्यंत कुणी तोंड उघडत नाही.
मोतिया साडी, मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी.
“प्रेक्षकांनी उत्तर द्यायचं नसतं,” ओजस म्हणाले,
“आणि कार्डावर लाल आहे.”

“कार्डावर असेल. मी आत होते.”

शालन ढमढेरे. तेव्हा तेरा वर्षांच्या,
वर्गात सगळ्यात बुटक्या, म्हणून निवडलेल्या.
हडपसरची शेड, तेलाच्या डब्यांचा पत्रा,
आतून गोधडी शिवलेली, तरी कोपर कापायचंच.
“पसोड्या विठोबापाशी लाल बल्ब संपले होते.
दुकानदार म्हणाला, हिरवा न्या, टीव्हीवर काय कळतंय?
आणि नव्हतंच कळत.
सिंहगडावरून येणारं चित्र सगळ्यांकडे करडंच.
पण माझ्या हनुवटीवर हिरवं पडायचं.
दिग्दर्शक ओरडायला लागले की मी मान खाली घालून
तेवढंच बघत उभी राहायची.
चिंचेचा कोवळा पाला असतो ना, तसं.”

कैवल्यने घंटीवरचा हात काढला.
मग पुन्हा ठेवला. सवय.
“पण संवादात निखारा आहे,” तो म्हणाला, जरा हळू.
“लिहिणाऱ्यांनी यंत्रमानव पाहिलाच नव्हता, बाळा.
ते साताऱ्याला राहायचे. टपालाने पाठवायचे.”

नियम नऊ: प्रश्नकर्त्याचा निर्णय अंतिम.
ओजसनी कार्ड उलटं केलं, सुलटं केलं,
चष्मा काढून डोळ्यांशी धरलं.
मग विचारलं, स्पर्धेबाहेरचं, घड्याळ चालू असताना,
“आत उकडायचं का हो?”
“उकडायचं. आणि लघवीला जाता यायचं नाही.
तुम्ही म्हणता ना, नवव्या भागात तो थरथरतो, भावना जाग्या होतात म्हणून?
त्या भावना नव्हत्या.”

हॉल हसला. मीही हसलो.
आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता. बहुलकरांच्या खिडकीच्या गजांना धरून
तो नववा भाग मी पाहिला होता,
आणि घरी येऊन, का ते न सांगता, रडलो होतो.
हे मी तिथे बोललो नाही. गुण लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं.

दहा गुण ‘कृष्णविवर’लाच गेले.
फळ्याच्या कोपऱ्यात मी ‘प्रेक्षक’ असा नवा रकाना आखला.
हिरवा खडू शोधला. नव्हता.
पांढऱ्यानेच दहा लिहिले. कुणी पुसले नाहीत.

जिन्यात कैवल्य त्यांची पिशवी घेऊन उतरत होता,
“किती व्होल्टचा? बॅटरी कुठे बांधलेली?”
“अरे, मेथी चुरगळेल.”

पुढच्या महिन्यात पेटी लावताना ते कार्ड हाती आलं.
छापील उत्तर तसंच: लाल.
खाली शिसपेन्सिलीने, ओजसच्या अक्षरात,
आतून हिरवा.