बावन्न मीटर

व्हिटबीच्या पूर्व काठाला, जिथे रस्ता संपतो
आणि पायऱ्या सुरू होतात,
तिथे मिक्सरचा ट्रक थांबला. पुढे त्याचं काम नाही.

बोळ मी मोजला होता:
सगळ्यात अरुंद जागी एकोणनव्वद सेंटीमीटर.
देवमाशाच्या तेलाचं पिंप घरंगळवत न्यायला
एवढं पुरायचं, असं इथले म्हणतात.
बोळाच्या टोकाला एक घर.
त्याची मागची भिंत अडीचशे वर्षांत चार बोटं खचलीय,
कुणालाही न सांगता.
तिच्या पायाखाली साडेतीन घनमीटर काँक्रीट.
बस्स, एवढंच काम.
ढकलगाडीने साठ फेऱ्या, साठदा त्या पायऱ्या,
आणि तोवर माल दगड झालेला.

डॅरेन ऑक्स्टबीने पंप आणला,
व्हॅनमागे जोडलेला, पिवळा,
रसवंतीच्या गाड्याएवढा.
तीन इंची रबरी नळी आम्ही चौघांनी खांद्यावरून नेली,
अजगराची वरात काढावी तशी.
पण बोळाला कोपरा होता, आणि नळीला तो वळेना.
सरळ वाट एकच:
डोरीन लेडलीच्या पुढच्या दारातून आत,
मागच्या दारातून बाहेर.

तिने आधीच जुने टॉवेल अंथरले होते.
"बूट काढू नका," म्हणाली, "पण चहा घ्या."

इचलकरंजीला आई कुरडया घालायची.
चीक गरम असतानाच सोऱ्यात भरायचा,
थांबलं की बसला.
"पातळ नको, घट्ट नको," ती म्हणायची,
आणि हात पोळले की माझ्याकडे बघून हसायची.
स्लम्प तपासताना मला तिचंच मनगट आठवतं.
खडी चण्याएवढी, जास्त नाही.
नळीला आधी सिमेंटची पेज पाजायची,
मग जेवण.

पंप सुरू झाला. नळीने अंग ताठ केलं,
सैल सोडलं, पुन्हा ताठ.
डोरीनने वाकून तिच्यावर हात ठेवला.
"लाथा मारतंय," ती म्हणाली,
"आमचा कॉलिन मारायचा तसं."

दोन घनमीटर गेले असतील,
आणि पलीकडून हाक आली: काही येत नाही.

डॅरेनने पंप उलटा फिरवला, दाब उतरवला.
मग नळीवर पाय ठेवत निघाला,
डॉक्टर पोट दाबून बघतो तसा.
घट्ट. घट्ट. घट्ट. मऊ.
मागे आला. घट्ट.
बरोबर डोरीनच्या पॅसेजमध्ये, जोडापाशी,
जिथे नवऱ्याचा रेनकोट अजून खुंटीला आहे.

जोड इथेच उघडावा लागणार.
मी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्या गालिच्याकडे.
ती स्वयंपाकघरात गेली
आणि जॅम करायचं पितळी पातेलं घेऊन आली.
मी नको म्हटलं. खरंच म्हटलं.
"प्लम यंदा नाहीच लागले," ती म्हणाली,
आणि पातेलं जोडाखाली सरकवलं.

क्लॅम्प सुटला. ओला राखाडी गोळा पडला,
त्यात एकच दगड, अंड्याएवढा,
कुठून आला देव जाणे.
गालिच्यावर थेंब नाही.

उरलेलं वीस मिनिटांत झालं.
शेवटी नळी धुवायला स्पंजाचा गोळा सोडला,
तो खड्ड्यात टप्पकन पडला
तेव्हा डॅरेनने टोपी काढली. गंमत म्हणून, बहुधा.

सहा आठवड्यांनी भिंतीवरच्या काचपट्ट्या बघायला गेले.
एकही तडकली नव्हती.
आमचं काम असं, की नीट झालं तर दिसत नाही.
मातीखाली साडेतीन घनमीटर,
त्यांना आता ना ऊन ना नाव.

परतताना डोरीनचं दार उघडं होतं.
वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला
एक जड, गोल, राखाडी ठोकळा,
तळाशी पातेल्याच्या ठोक्यांचे ठसे.
"पातेलं वाचलं?" मी विचारलं.
"कापावं लागलं," ती म्हणाली.
"पण दार आता हलत नाही.
पुढच्या वेळी नळी आणाल ना,
तेव्हा वाजवू नका, सरळ आत या."