बिनधुराची भट्टी

माघात बदाम सगळी पानं एकदम टाकतो.
तांबडी, तळव्याएवढी, चामड्यागत जाड.
नवी चप्पल पहिल्या दिवशी करकरते
तशी ती पायाखाली करकरतात.

वीस वर्षं मी ती पेटवत आलो.
तिन्हीसांजेला, भिंतीच्या कोपऱ्यात, एका काडीत.
मला कोण शिकवणार आग?
उद्यमनगरात, मग शिरोलीत, जन्म ओतकामात गेला.
क्युपोलाच्या भोकातून नुसता रंग बघून सांगायचो
लोखंड वाहतं झालंय,
की अजून दोन पाट्या कोक टाकायचा.
पानांचा काय विषय!

पण बदामाचं पान जळत नाही, धुमसतं.
आणि धूर वर जात नाही, शेजार हुडकतो.
पलीकडं हसीनाभाभी मुल्लाणी
खिडकी ओढून घ्यायच्या.
भांडण नाही, टोमणा नाही, नुसती कडी.
ती कडी मला दोन वर्षं ऐकू येत होती.
तिसऱ्या वर्षी मी ती ऐकून घेतली.

आता न्हाणीच्या मागं खड्डा आहे.
पानांचा थर, त्यावर शालनच्या भाजीची देठं,
नासलेलं ताक, चहाचा चोथा,
आणि आनंदा चौगलेच्या म्हशीचं शेण.
शेण फुकट, पण पाटी माझी आणि डोकंही माझंच.
बावड्याच्या रस्त्यानं मी पाटी घेऊन येताना
जुने सोबती विचारतात, "मिस्त्री, हे काय नवीन?"
मी म्हणतो, ओव्हरटाइम.

बाकीचं सगळं शालनचं.
तांदूळ धुतलेलं पाणी कर्दळीला,
गिझर आठवड्यातनं दोनदाच, तोही पाहुण्यांना.
माझ्या खाकी पँटची तिनं बाजाराची पिशवी शिवली,
खिशासकट.
खिशात सुटे पैसे ठेवते आणि विसरते.

गळीत चालू असलं की लांबच्या फडातली
पेटवलेल्या पाचटाची काजळी
दोरीवरच्या चादरीवर येऊन बसते.
ती झटकत नाही. झटकली की पसरते.
हळूच फुंकते.
इतक्या लांबून आलेल्याला
इतकं तरी करावं, अशी.

खरं सांगू? रात्री कधी हिशेब मांडतो.
माझ्या हातानं किती टन कोक जाळला,
आणि त्यापुढं ह्या सोळा पाट्या पानं.
हिशेब लागत नाही. लागणारही नाही.
भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ आहे, माझ्या छातीला.
रंगारी आला तेव्हा सूनबाई म्हणाली, तेवढी राहू दे.
दर वाढदिवसाला ती पोराला त्या रेघेखाली उभं करते.
तो अजून चार बोटं बुटका आहे.
टाचा उंच करतो, लबाड.

तिसऱ्या आठवड्यात, पहाटे,
ढिगातनं वाफ निघताना दिसली.
कोपरापर्यंत हात घातला
आणि झटक्यात मागं घेतला.
आत भट्टी लागलेली!
काडी नाही, कोक नाही, भाता नाही,
धुराचा पत्ता नाही.
कोण जाळतंय, दिसत नाही.
मी तिथंच उकिडवा बसून राहिलो,
पहिल्या दिवशी कामावर आलेल्या पोरागत.

पावसाच्या तोंडाला खत चाळलं.
चाळण तीच, साच्याच्या वाळूची, कारखान्यातनं आणलेली.
खाली पडलं ते तसंच काळं, तसंच ओलसर.
सवयीनं मूठ भरली, आवळली, उघडली.
गोळा फुटला नाही.
त्यावर माझी पाची बोटं उमटली,
तुटक्या करंगळीसकट.

पोरगं वाकून बघत होतं.
"आजोबा, ह्यात काय ओतायचं?"

मी म्हटलं, दोडका.

पलीकडं खिडकी उघडी होती.
भाभी म्हणाल्या, "आमच्याकडं पण द्या दोन पाट्या.
आणि बियाबी."