फॉर्ममधला सातवा प्रश्न

कौस्तुभने तीन सहली पाठवल्यात फोनवर.
म्हणाला, आई, यातली एक निवड, साठी आहे तुझी,
पैशांचं बघू नकोस.
मी आधी पैसेच बघितले.

मग वीजबिलाची कोरी बाजू घेऊन बसले
आणि रकाने आखले.
एकतीस वर्षं हजेरी आखलेला हात,
रेघ अजून सरळ येते.

पहिला रकाना : खाडीतले रोहित पक्षी.
बोटीला छत, दीड तास,
खाली हिरव्या अक्षरांत "ज्येष्ठांसाठी उत्तम".
हे शलाकाचं काम, माझा गुडघा आठवून केलेलं.
पण ऐरोलीच्या या गच्चीवरून
रोहित मला तसेही दिसतात,
चिमटे तोंडात धरून चादर झटकताना,
पलीकडे चिखलावर एक गुलाबी रेघ.
भरती आली की ती मागे सरकते.
दिव्यातला हसुराम कोळी, बुधवारी निवट्या आणतो तो, म्हणतो,
"ताई, लोकां पैसं देऊन बगाला येतान,
आमाला फुकट दिसतान, वास पन फुकट."

दुसरा रकाना : वाघ.
तीन सफारी, उघडी जिप्सी,
आणि अगदी बारीक टायपात :
"दर्शनाची हमी नाही."

हमी.

येऊरच्या पाड्यावरच्या शाळेत होते तेव्हा
एका फेब्रुवारीत पावणेसहाची बस चुकली.
मोरीच्या कठड्यावर बसले पेपर तपासत.
चौथीचे. भागाकार. बहुतेकांची बाकी चुकलेली.
खाली ठाण्याचे दिवे लागायला सुरुवात झाली होती
आणि मान वर केली तर रस्त्याच्या मधोमध
बिबट्या.
उशिरा आलेल्या मुलाकडे मी जशी बघायचे
तसा त्याने माझ्याकडे बघितलं,
जरासा थांबून,
आणि उतरला करवंदीच्या जाळीत.
शेपटीचं टोक सगळ्यात शेवटी गेलं.
लाल पेन मांडीवर गळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी एकट्या चैतीला सांगितलं,
मागच्या भिंतीला टेकून बसायची ती.
पाटीवरून डोकं न उचलता तिने विचारलं,
"बाई, कुनाला बोललात काय?"
नाही.
"नका बोलू. बोललं का पिंजरा येते."

नाही बोलले.
साडीवरचा डाग बघून सासूबाईंनी विचारलं,
म्हटलं, शाई.
ह्यांच्या शेवटच्या दिवसांत, दवाखान्यात,
एका रात्री ओठांवर आलं होतं.
तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली.

तर वाघावर काट.
अकरा जिप्सींच्या मधे एक जनावर,
त्याला कुठे तोंड लपवायला जागा?
आणि माझं एकदा झालंय. आम्ही दोघंच होतो.

तिसरा रकाना कोराच ठेवला होता मी.
कोलाड. कुंडलिकेत राफ्टिंग.
धरणातून सकाळी पाणी सोडतात
आणि मग नदीला वेग येतो, म्हणे.
फोटोतली सगळी माणसं पंचविशीतली, तोंडं उघडी.
हे बहुधा त्याने स्वतःसाठी शोधलेलं,
घाईत मलाही आलं.

गंमत म्हणून फॉर्म उघडला.
नाव. वय. रक्तगट.
वजन चार किलो कमी लिहिलं,
मग खोडून खरं लिहिलं.
नावेत बाकीचीही माणसं असणार.
सातवा प्रश्न : पोहता येतं का?

खाडी दिसते अशा घरात अठरा वर्षं काढली,
आणि पाण्यात पाय घातला तो
गणपती विसर्जनाला, घोट्यापर्यंत.

खालच्या नंबरवर फोन लावला.
कुणी तरणा मुलगा होता, मागे कुकरच्या शिट्ट्या.
"काही नाही हो मॅडम, जॅकेट असतं.
पडलात तर पाय वर करायचे
आणि वाहत जायचं. आम्ही पुढे उभे असतो."

मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं.
त्याला वाटलं, ऐकू कमी येतं,
त्याने मोठ्याने सांगितलं.

कौस्तुभला लिहिलं :
तिसरी.
गुडघ्याचा पट्टा भिजला तर चालतो का
तेवढं विचारून ठेव.