झाळ

हुपरीहून सव्वासातची गाडी.
पिशवीत भाकरी, खर्डा आणि मल्टिमीटर.
कंडक्टर म्हणाला, 'काटा हाय काय ओ, वजनाचा?'
हुपरीची बाई बघितली की लोकांना चांदीच दिसते.

वर्गात एकोणीस पोरं, दोन पोरी, आणि मी.
हजेरीला शेवटचं नाव, राजमती आण्णाप्पा मगदूम.
वयाच्या रकान्यात एक्केचाळीस लिहिलं
आणि खोडरबर शोधला. नव्हता कुणाकडं.

पुण्याहून तपासणीला मॅडम आल्या,
'कशा आलात?' 'एसटीनं आलो.'
'आले म्हणा, आलो नाही.'
मी म्हटलं, आमच्याकडं बाया अशाच येतात, मॅडम.
आलो, बसलो, शिकलो.

हुक्केरी सर फळ्यावर सूर्य काढतात,
रोज जरासा वाकडा.
पॅनेलला कल द्यायचा सोळा-सतरा अंशांचा,
तोंड दक्षिणेला.
आईनं मला दक्षिणेला तोंड करून
कधी जेवू दिलं नाही.
आता सगळी भाकरी तिकडूनच येणार म्हणतात.

सोल्डरिंगच्या तासाला पोरांनी नुसता धूर केला.
तौफिक मुजावरनं बोट भाजलं, शिवी गिळली,
माझ्याकडं बघितलं.
मी तार धरली, टोक टेकवलं, उचललं.
एवढंच.
सर म्हणाले, पुन्हा करा.
पुन्हा केलं.
बावीस वर्षं पैंजणाच्या कड्या जोडल्यात
दिव्याच्या ज्योतीवर, फुंकणीनं,
सवागीचा वास पदरातून जात नव्हता,
मजुरी किलोवर.
मग मशीन आलं आणि माझा आठवडा
एका तासात ओतून मोकळं झालं.

झाळ म्हणजे सांधा,
झळ म्हणजे ऊन.
दोन्हींत एका कान्याचं अंतर.
तेवढं ओलांडायला एवढी वर्षं लागली
आणि महिन्याचा पास.

एकदा सरांनी फुटकं पॅनेल आणलं.
निळ्या काचेखाली केसाहून बारीक रेघा.
'ही चांदी,' म्हणाले.
पोरं लगेच मोबाईलवर भाव बघाय लागली.
मी नख फिरवलं काचेवरून.
हिला सोडून आलतो की मी.
ही माझ्या आधी येऊन बसलीय,
ना घुंगरू, ना आवाज,
अंग चोरून, उन्हाची वाट बघत.

शाहूपुरीत पहिलं छप्पर.
मालक दारात. 'मिस्त्री कुठायत?'
तौफिकनं माझ्याकडं बोट केलं, तेच, भाजलेलं.
मालकांनी चहाचं विचारलं नाही.
मी विचारलं, पुराचं पाणी कुठवर आलतं?
त्यांनी भिंतीवर हात ठेवला,
खांद्याच्या वर,
आणि काढायचा विसरले.
आतून त्यांची सून आली, तिनंही ठेवला, चार बोटं वर.
दोघांचं थोडा वेळ त्यावरनं वाजलं.

पुस्तकात इन्व्हर्टर डोळ्यांच्या उंचीला.
मी म्हटलं, जिन्याच्या वरच्या वळणाला लावू.
केबल वाढंल, वाढू दे.
हुक्केरी सरांनी खिशातनं वही काढून
काहीतरी लिहून घेतलं. दाखवलं नाही.

पट्टा कमरेला, पट्ट्याचा हूक दोराला,
साडीवर पँट की पँटवर साडी
ह्याचा निकाल आमच्या गल्लीत अजून लागायचाय.
वर पत्रा तापलेला.
एकेक जोड टिचकन बसला,
कडी बसल्यावर बसायचा तसा.
खाली सून ओरडली, आकडा आला!
अकराशे. बाराशे चाळीस.
मग महालक्ष्मीच्या अंगानं एक ढग आला
आणि आकडा तीनशेवर उतरला.

'बंद पडलं?' मालकांचा आवाज.
नाही ओ. ढग हाय. जाईल.

चहा आला, जिन्यातनं, वरपर्यंत.
पोरं सावलीला सरकली.
मी पॅनेलच्या कडेला बसलो,
डबा उघडला.
तोंड कुठं होतं
ते आईला सांगू नका.