ट्रॅक ०७

क्लाइपेदा बंदराच्या मागे, बेकरीच्या माडीवर
रेडिओनं नुकतंच बिऱ्हाड हलवलंय.
पहाटेचे तीन. उग्नेच्या पडद्यावर
अकरा हजार गाणी करडी पडलेली,
प्रत्येकापुढे एक उद्गारचिन्ह,
जणू सगळ्यांनी एकदम ओरडावं
आणि आवाज मात्र फुटू नये.

नावं आहेत. गायिका, साल, लांबी, तारे,
शेवटचं कधी वाजलं तेही.
सूर एकही नाही.

निवृत्त वैदोतसला तिनं झोपेतून उठवलं.
तो आधी खोकला, मग म्हणाला,
अगं, त्या वहीत गाणी कधी नव्हतीच.
वहीत नुसते पत्ते.
(खरंच आहे. सातबारा म्हणजे शेत नव्हे,
त्यावर नांगर चालत नाही.)
जुन्या जागी डिस्क डी होती, नव्या जागी एफ झाली.
पोस्टमन अजून जुनंच दार ठोठावतोय.

एक अक्षर बदल, सगळ्यांचं.
थांब, आधी प्रत काढ. वहीची.
तिनं काढली.

खालून पहिल्या घाण्याच्या पावाचा वास.
रकान्यांतून एकेक चिन्ह विझत गेलं:
जेमाइतियाच्या म्हाताऱ्यांची ओढून लांबवलेली गाणी,
लग्नातले पोल्का,
कुणा दंतवैद्यानं गॅरेजात वाजवलेलं जॅझ,
सगळी सापडली
जिथं होती तिथंच.

एक उरलं.
ट्रॅक ०७. कलाकार रिकामा, अल्बम रिकामा.
दोन मिनिटं अठ्ठेचाळीस.
त्रेसष्ट वेळा वाजलंय,
दर शुक्रवारी, पहाटे चार दहाला.

हे कुठाय?
फोनमध्ये किटलीची शिट्टी, बराच वेळ.
फाइल मीच पुसली, वैदोतस म्हणाला.
नोंद पुसायला हात धजला नाही.
असू दे ती.
मग वाऱ्याबद्दल काहीतरी बोलला
आणि ठेवला.

आज शुक्रवार.
चार दहाला उग्नेनं फेडर खाली ओढला
आणि दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद
काहीच लावलं नाही.
पावांचे ट्रे खाली आपटत राहिले.

आकडा त्रेसष्टावरच.
न वाजलेलं यंत्र मोजत नाही.

चार तेराला फेरीबोटीवरच्या रिम्विदसचा फोन:
मघाशी बंद पडलं होतं का तुमचं?
नाही, ती म्हणाली. गाणं होतं.
बरं, तो म्हणाला,
आणि इंजिनाच्या आवाजात जरा थांबून,
कुणाचं?