सातवा चौकोन

रत्नागिरीच्या डॉक्टरनं पाठीवर
दहा चौकोन चिकटवले,
म्हणाला, दोन दिवस पाणी लावायचं नाही.
कोळणीला सांगतो!

तिसऱ्या दिवशी सातवा
उकडलेल्या कुर्लीसारखा लाल.
लिनालूल, तो म्हणाला. फुलांच्या वासातलं असतं.

म्हणजे बांगड्यानं नाही,
मिठानं नाही, बर्फानं नाही.
हर्णै-दापोली गाडीत
शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला
त्या दिवसापासून
मानेला, मनगटांना
जे चोळत आले, त्यानं.

आता बिनवासाचा साबण. दुप्पट महाग.
वास न घालायचेही पैसे पडतात.

आज खिडकीशी बसले. मान खाजत नाही.
शेजारची जागा
दापोलीपर्यंत रिकामी.
गिम्हवण्याच्या वळणावर
पायाशी होती ती टोपली उचलून
तिथं ठेवली.