गोडसर वास

सोहारला आमच्याकडे मंगळवार म्हणजे टॉन्सिल्सचा वार.
बारा मुलं, एकामागून एक,
आणि तोंडाशी मास्क नेताना
डॉक्टर लुबना प्रत्येकाला विचारतात, स्ट्रॉबेरी की च्युइंगम?
मूल मान फिरवतं, हात झाडतं, मास्क निसटतो.
त्याच्या वाटणीचं थोडं माझ्याकडे येतं.

गोडसर वास. पहिल्या वर्षी मला आवडायचासुद्धा.
आता तो मानेच्या वर, कवटीच्या मागच्या बाजूला मुक्काम ठोकतो
आणि चारच्या बसमध्ये
माझ्याच थांब्याचं नाव आठवायला वेळ लागतो.

बाहेर अठ्ठेचाळीस अंश.
बाहेरची हवा गार करणं महाग, म्हणून
आतलीच गाळून पुन्हा आमच्या अंगावर.
रिकव्हरीत ओळीनं निजलेली मुलं उच्छ्वास टाकतात,
मी अगदी तोंडाजवळ वाकून हाक मारते:
हैथम, ऊठ राजा. शैमा, डोळे उघड.
त्यांची झोप उतरते.
कुठे उतरते, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

अकराव्या आठवड्यात माझं जे गेलं
त्याचं कारण कुणी कागदावर लिहिलं नाही.
होतं असं कधीकधी, म्हणाले. तेही खरं असेल.
वसईहून आईचा फोन. जड काय उचललंस का गो?
नाही गं, म्हटलं.
हवाच होती.

रजेवरून परतले त्या आठवड्यात
पेन पडला म्हणून मशीनच्या मागे वाकले.
वापरलेला वायू भिंतीत नेणारी जांभळी नळी
भिंतीपासून चार बोटं सुटून लोंबत होती,
आणि तिच्या तोंडाशी धुळीचं एक जाळं
टेबलावरच्या मुलाच्या श्वासागणिक
हलत होतं.

बायोमेडिकलचा शिबू आला. कधीपासून, म्हणाला.
मला काय ठाऊक. त्याला तरी काय.
स्टिकरवर तपासणीची तारीख होती, सहीही होती,
वाचता येत नव्हती एवढंच.
खट् आवाज करत नळी बसली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

आता रोज पहिल्या केसच्या आधी
मी फरशीवर गुडघे टेकते, टॉर्च मारते, नळी ओढून बघते.
प्रार्थना करते वाटत असेल लोकांना.
वाटू दे.
नवी आलेली मारिसेल, हल्ली सकाळी
कोरडी बिस्किटं चघळते आणि कुणाला काही सांगत नाही,
ती दारातून विचारते, काय हरवलं, सिस्टर?

पेन, मी म्हणते.
आणि आणखी एकदा ओढून बघते.